चर्चा आणि कृति : ‘गोष्ट मेंढा गावाची’च्या निमित्तानें

बोलके सुधारक आणि कर्ते सुधारक हा भेद महाराष्ट्रास जुनाच परिचित आहे. बोलण्याची निंदा आणि करण्याची स्तुति ही रीत आमच्यांत इतकी रूढ झाली आहे कीं, चर्चा ही कृतीची वैरीणच असें आम्ही धरून चालतों. श्री. मिलिंद बोकील यांचा ‘गोष्ट मेंढा गावाची’ (2012) हा ग्रंथ ह्या समजुतीस धक्का देतो, आणि आमच्या मतें त्याचें खरें महत्त्व येथेंच आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील ह्या लहानशा गोंड गांवाविषयीं लिहितांना पुष्कळजण ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ह्या घोषणेपाशींच थांबतात. घोषणा आकर्षक खरीच. परंतु गांवाची शक्ति अभ्यासगटांत आहे.

अभ्यासगटांत निर्णय करावयाचा नाहीं. पाहिजे त्यानें यावें, बाहेरील जाणत्यास बोलवावें, विषय उलटसुलट पारखावा. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोहि बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें. बोलतांना कोणी हरत नाहीं, म्हणूनच मोकळेपणानें बोलतां येतें. अशा ह्या चर्चाप्रिय गांवानें 2009 मध्यें सुमारें 1,800 हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळविला. 2011 मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्याच्या ग्रामसभेच्या हातीं आला. ही कृति नव्हे तर काय?

पुणें जिल्ह्यांत, भोर तालुक्यांतील भोंगवलीसारख्या गांवींहि कायद्यानें ग्रामसभा आहेच. पण गणपूर्ति न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच उरत नाहीं! कामें अडूं नयेत हा हेतु चांगला आहे. मात्र जे आलेच नाहींत त्यांच्याहि नांवें ठराव लिहिला जातो, ह्याची खंत कायद्यास नाहीं.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. संगणकाच्या मुक्त-स्रोत प्रणाली ज्यांनीं परस्परसहकार्यानें घडविल्या, त्या मंडळींचा कल ‘वाद पुरे, काम करून दाखवा’ असाच दिसतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळापुढें 1992 मध्यें डेव्हिड क्लार्क यांनीं मतदान नाकारून स्थूल एकमत आणि प्रत्यक्ष चालणारी प्रणाली हीच कसोटी सांगितली. मग मेंढ्यानेंच एवढा विलंब कां सोसावा? उत्तर वस्तूच्या स्वभावांत आहे. संगणकावरील चुकलेलें काम पूर्वस्थितीस नेतां येतें, आणि न पटलें तर वेगळी चूल मांडतां येते. डेबियन ह्या प्रणालीच्या मंडळींत 2014 मध्यें ‘सिस्टिमडी’ ह्या घटकावरून मोठें रण माजलें. असंतुष्टांपैकीं कांहींनीं ‘डेव्हुआन’ नांवाची निराळी प्रणाली काढली. मूळ प्रणालींतील एक अक्षरहि त्यामुळें उणें झालें नाहीं. बांबूचें तोडलेलें बेट मात्र एका रात्रींत परत उभें राहत नाहीं. आणि अल्पमतांतील घरानें आपल्या वांट्याचें जंगल उचलून कोठें जावें?

तथापि एक शंका आम्हांस सोडीत नाहीं. सर्वसहमतीच्या सभेंत मौनाची गणना संमतींत होते काय? ग्रंथकार हे ‘शाळा’ ह्या कादंबरीचेहि कर्ते आहेत; न बोललेलें ऐकण्याचें कसब त्यांच्यापाशीं आहे. सभेच्या कडेला बसून कांहींच न बोलतां उठून जाणाऱ्या माणसाविषयीं त्यांच्याकडून आम्हांस आणखी वाचावयास आवडलें असतें.