थडग्यात उठून बसायला जागा नाही

हान्स होल्बाइनचं ‘थडग्यातला मृत ख्रिस्त’ (१५२१-२२) बाझलच्या संग्रहालयात आहे. रुंदी २ मीटर, उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. हा आकार जरा डोळ्यांपुढे आणा: आतल्या माणसाला कुशीवर वळणंही कठीण! डोळे उघडे, तोंड उघडं, हात-पाय हिरवट-काळे पडलेले. रडणारी आई शेजारी नाही. १८६७ मध्ये दस्तयेव्हस्की हे चित्र पाहून हादरला, ‘द इडियट’मध्ये ते आलं, आणि तेव्हापासून आपण त्यात अश्रद्धाच शोधत बसतो. मला हे पटत नाही. पुनरुत्थान मानणाऱ्यांसाठी तर मरण इतकंच खरं हवं. अर्धवट मेलेला उठला, त्यात काय विशेष? उजव्या हाताचं मधलं बोट मात्र बघाच. ते दगडाच्या कडेवरून आपल्या बाजूला आलंय.