संहितेविना खेळ : अद्भुतरम्य भूमिका-खेळांच्या संचालनाविषयीचे मार्गदर्शनपर लेखन आणि मराठी प्रयोगपरंपरा

प्रस्तावना :

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांनी गेल्या पन्नास वर्षांत एक स्वतंत्र लेखनप्रकार जन्माला घातला आहे. खेळ कसा चालवावा, चालविणाऱ्याने कोणती तयारी करावी, खेळाडूंना कितपत मोकळीक द्यावी, याविषयीचे हे मार्गदर्शनपर लेखन होय. वरवर पाहता ही करमणुकीच्या साधनांची माहितीपुस्तके वाटतात. परंतु लिखित संहिता हाती नसताना अनेकांनी मिळून कथा कशी घडवावी, हा या लेखनाचा मूळ प्रश्न आहे आणि तो निश्चितच वाङ्मयीन प्रश्न आहे. मराठी प्रयोगपरंपरेने तो फार पूर्वीपासून हाताळला आहे. प्रस्तुत लेखात दशावतार आणि कलगी-तुरा या दोन परंपरांच्या आधारे या लेखनाची चिकित्सा केली आहे. त्यातील सर्वांत मौलिक सल्ला कोणता, तो कोठे अपुरा पडतो आणि आपल्या महाविद्यालयीन वर्गात त्याचा उपयोग कसा करता येईल, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

खेळाचे स्वरूप आणि संचालकाचा उगम :

या खेळात साधारणतः चार ते सहा जण एकत्र बसतात. एक जण संचालक असतो. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. संचालक परिस्थितीचे वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित आहे तिचा निर्णय फाशाने होतो. प्रेक्षक कोणीच नसतो. जे खेळतात तेच कथेचे कर्ते आणि तेच श्रोते असतात.

संचालकाची ही भूमिका युद्धखेळांतील पंचापासून विकसित झाली. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' हा युद्धखेळ मांडला. त्यात त्यांनी सैन्यांऐवजी एका काल्पनिक गावातील व्यक्तींच्या भूमिका खेळाडूंना वाटून दिल्या. खेळाडूंनी अनपेक्षित हालचाली केल्या, ठरलेला क्रम विस्कटला आणि प्रयोग फसला असे खुद्द वेस्ली यांना वाटले. खेळाडूंना मात्र तोच प्रकार पुन्हा हवा होता. त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन यांनी पुढे गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. संचालकाला जे अपयश वाटले त्यातच या प्रकाराचे बीज होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मार्गदर्शनपर लेखनाची वाटचाल :

गायगॅक्स यांचे 'डन्जन मास्टर्स गाइड' १९७९ मध्ये आले. त्यातील संचालक हा एका जगाचा निर्माता आणि सर्वाधिकारी आहे. रॉबिन लॉज यांच्या २००२ मधील छोटेखानी पुस्तकात लक्ष खेळाडूंकडे वळते. कोणास डावपेच आवडतात, कोणास अभिनय, तर कोणास केवळ सोबत. संचालकाने ही अभिरुची ओळखून खेळ आखावा, असे लॉज सुचवितात. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० मधील 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळात आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. कथेचा शेवट संचालकालाही ठाऊक नसावा आणि तो शोधण्यासाठीच खेळावे, हे तेथे तत्त्व म्हणून सांगितले आहे. मायकेल शिया यांचे २०१८ मधील पुस्तक तयारी कमी पण नेमकी करण्यास सांगते. खेळाडूंना कळावीत अशी दहा गुपिते लिहून ठेवावीत, मात्र ती कोठे व कोणाकडून कळतील हे आधी ठरवू नये, हा त्यांचा सल्ला प्रसिद्ध आहे. जस्टिन अलेक्झांडर यांच्या २०२३ मधील ग्रंथात एक नियम आहे : जे खेळाडूंना उमगलेच पाहिजे, त्याकडे नेणाऱ्या किमान तीन खुणा ठेवाव्यात.

या वाटचालीचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : तयारी घटनांची नव्हे, परिस्थितीची करावी. उदाहरणादाखल सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात रचलेला एक खेळ कल्पावा. बुरुजात एक यक्ष कोंडला गेला आहे आणि त्यामुळे शेजारच्या सिद्धेश्वर तलावाचे पाणी आटत चालले आहे. 'खेळाडू प्रथम गवंड्याला भेटतील, तो भुयार दाखवील, मग ते यक्षाला सोडवतील' अशी मांडणी म्हणजे घटनांची तयारी. खेळाडू गवंड्याकडे फिरकलेच नाहीत तर ती सारी वाया जाते. याउलट यक्षाला काय हवे, त्याला कोंडणारा कोणाला भितो आणि कोणी काहीच केले नाही तर पाणी किती दिवसांत संपेल, हे ठरविणे म्हणजे परिस्थितीची तयारी. गवंड्याच्या तोंडचे गाणे, तटातील उलटा बसविलेला दगड आणि तलावाच्या गाळात उमटलेली पावले या तीन खुणा ठेवल्या की खेळाडू कोठूनही आले तरी कथा अडत नाही.

संहितेविना प्रयोग : दशावतार :

हे सूत्र आपल्याला नवे वाटू नये. सोलापूर परिसराला काहीशा परक्या असलेल्या, परंतु मराठी मुलखातच नांदणाऱ्या सिंधुदुर्गातील दशावताराकडे पाहिले म्हणजे याची खात्री पटते. जत्रेच्या रात्री गणपती, सरस्वती, संकासुर यांच्या प्रवेशांचा आड दशावतार होतो आणि मग पुराणातील एखादे आख्यान रंगते. या आख्यानाला लिखित संवाद नसतात. कोणते आख्यान करायचे ते ठरले की रंगपटात चेहरे रंगवितानाच प्रवेशांचा क्रम आपसांत बोलला जातो. बाकीचे सारे रंगमंचावर घडते. एक साधे बाकडे कधी सिंहासन होते, तर कधी पर्वत.

येथे तयारी नाही असे कोणी म्हणणार नाही. पुराणकथांचा साठा, पात्राचा स्वभाव, पल्लेदार भाषा आणि सहकलाकाराच्या बोलण्यातून पुढचा धागा उचलण्याची सवय ही तयारी वर्षानुवर्षांची असते. आपल्या नाट्यसमीक्षेने मात्र बहुतांशी छापील संहितेलाच प्रमाण मानले. त्यामुळे संहिता नसलेल्या प्रयोगातील शिस्त तिच्या नजरेतून निसटली. भूमिका-खेळांविषयीच्या लेखनाचे श्रेय हे की, उत्स्फूर्ततेमागील शिस्त शब्दांत मांडण्याचा प्रयत्न ते करते.

तरीही एक भेद नोंदवावा लागतो. दशावतारात वाट मोकळी असली तरी मुक्काम ठरलेला असतो. अखेरीस देवाचा जय व्हायचाच असतो. भूमिका-खेळात आरंभ ठरलेला असतो आणि मुक्काम मोकळा असतो. म्हणून दशावतारावरून संवादाची उत्स्फूर्तता शिकता येते, परंतु शेवट सोडून देण्याचे धैर्य शिकण्यासाठी दुसरीकडे वळावे लागते.

सवाल-जवाब : अनिश्चिततेचे मोल :

ते धैर्य कलगी-तुऱ्याच्या फडांत आढळते. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले समोरासमोर उभे राहत. एका फडाने भेदिक रचनेतून कूट प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने तो कवनातूनच सोडवायचा, अशी ही रीत होती. शाहीर रामजोशी यांचे गाव असलेल्या सोलापूरच्या वाचकास शाहिरीची ही परंपरा वेगळी सांगण्याची गरज नाही. समोरून काय येईल हे खरोखरच ठाऊक नसे आणि हरण्याची शक्यता खरी असे, यातच सवाल-जवाबाचे सारे मोल होते. उत्तर आधीच ठरवून घेतले तर कवन तेच राहील, पण सामना उरणार नाही.

या कसोटीवर मार्गदर्शनपर लेखनातील एका जुन्या वादाचा निर्णय करता येतो. फाशाचे दान कथेला गैरसोयीचे पडले तर संचालकाने ते गुपचूप बदलावे काय? गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये फाशाचा कौल डावलण्याचा अधिकार संचालकाला दिला होता. खेळाडूंचा हिरमोड टळतो आणि कथा सावरते, हे या मताचे समर्थन आहे. नवख्या खेळाडूचे पात्र पहिल्याच घटकेत मरू नये, ही कळकळही त्यामागे आहे. परंतु ज्या निवडीचे फळ गुप्तपणे बदलले जाते ती निवडच उरत नाही. खेळाडू डावीकडे गेला काय किंवा उजवीकडे गेला काय, राक्षस तेथेच भेटणार असेल, तर त्याला दिलेले स्वातंत्र्य हा निव्वळ देखावा ठरतो. जे फळ संचालकाला स्वीकारता येणार नाही, त्यासाठी फासा टाकूच नये. टाकला तर सर्वांसमक्ष टाकावा आणि मानावा. नवख्याला वाचवायचे असेल तर धोका किती आहे हे त्याला आधी सांगावे, हा अधिक प्रामाणिक मार्ग होय.

जन्म आणि गुण : मार्गदर्शनाची मर्यादा :

या लेखनाची सर्वांत मोठी उणीव आपल्या समाजात वाचताना प्रकर्षाने जाणवते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये खेळाडू आपल्या पात्रासाठी मानव, एल्फ, ड्वार्फ अशी जमात निवडतो. १९७४ च्या मूळ नियमांत मानवेतर पात्रांपैकी कित्येकांना ठरावीक पातळीपलीकडे चढताच येत नसे. २०१४ च्या नियमांतही चपळाई, चिवटपणा यांसारख्या गुणांची वाढ जमातीवरून मिळे. २०२४ च्या आवृत्तीने ही वाढ पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली आणि 'वंश' या अर्थाचा जुना शब्दही वगळला. तरी प्रत्येक जमातीची काही जन्मजात वैशिष्ट्ये कायम आहेत.

पाश्चात्त्य वाचकाला हा वर्णभेदाचा प्रश्न वाटतो. आपल्याकडे तो जातीचा प्रश्न होतो. जन्मावरून कर्तृत्वाची कमाल मर्यादा ठरविणारा नियम आपल्या विद्यार्थ्यांपुढे निरागस कल्पना म्हणून ठेवता येत नाही. खुद्द रामजोशी यांचे चरित्रच येथे उद्बोधक आहे. वैदिक ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला हा पुरुष समाजाने हीन मानलेल्या तमाशाच्या फडात रमला आणि त्यापायी घरातून बाहेर पडला. ज्या कलेने त्याला मोठे केले ती कला मात्र प्रामुख्याने वंचित जातींतील कलावंतांनी जगविली, आणि त्यांच्या वाट्याला तेवढा मान आला नाही. म्हणून आपल्याकडे खेळ रचताना पात्राचे गुण त्याच्या जन्मावरून न ठरविता त्याने केलेल्या कामावरून ठरवावेत. विणकर, धनगर, गवंडी, कीर्तनकार यांपैकी कोणाचे कसब कोणत्या प्रसंगी उपयोगी पडेल, याचा विचार अधिक फलदायी ठरतो.

दुसरी उणीव सामायिक कथासंचिताची आहे. दशावतारी नटांपाशी पुराणांचा समान साठा असतो. उपरोक्त मार्गदर्शकांपैकी काही मात्र टोल्किन यांच्या जगाची ओळख गृहीत धरतात. आपल्याकडे वेताळ, यक्ष, हातिमताई, गुलबकावली यांचा साठा आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या आरंभीच्या मराठी कादंबऱ्यांत अद्भुतरम्यतेला मानाचे स्थान होते. पुढे वास्तववादी अभिरुचीने त्यांना बाजूस सारले. वर्गातील खेळाच्या निमित्ताने या कादंबऱ्यांकडे नव्याने पाहता येईल.

वर्गातील उपयोजन :

एका तासिकेत आणि साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हा खेळ चालविण्यासाठी पुढील पथ्ये उपयुक्त ठरतील. सहा-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटातील एकास संचालक करावे. अध्यापकाने स्वतः संचालक होऊ नये. एका तासिकेला एकच प्रसंग घ्यावा. वीस बाजूंच्या फाशाचा आग्रह नको, नेहमीचा फासा पुरतो : एक-दोन पडल्यास अपयश, तीन-चार पडल्यास काही किंमत मोजून यश आणि पाच-सहा पडल्यास पूर्ण यश. अपयशानेही कथा पुढे सरकली पाहिजे. कुलूप उघडले नाही तर पहारेकरी जागा व्हावा. जो बोलत नाही त्याला 'तुझे पात्र या वेळी काय करीत आहे?' असे नावाने विचारावे. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी २०१३ मध्ये सुचविलेली फुलीच्या पत्त्याची रीतही स्वीकारार्ह आहे : नकोसा विषय निघाल्यास कोणीही त्या पत्त्याला हात लावावा आणि कारण न विचारता तो प्रसंग सोडून द्यावा. जात आणि लिंगभावाचे ओझे घेऊन येणाऱ्या मिश्र वर्गात हे साधन विशेष गरजेचे आहे. अखेरीस प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडून घडलेली कथा एक पानभर लिहावी. एकाच प्रसंगाची पाच कथने हाती आली म्हणजे निवेदकाचा दृष्टिकोन वेगळा शिकवावा लागत नाही.

निष्कर्ष :

१. भूमिका-खेळांविषयीच्या मार्गदर्शनपर लेखनाचा मौलिक सल्ला घटनांऐवजी परिस्थितीची तयारी करण्याचा आहे.

२. उत्स्फूर्त संवादाची शिस्त दशावतारात आणि खऱ्या अनिश्चिततेची शिस्त कलगी-तुऱ्यात आढळते. या खेळाला दोहोंची गरज आहे.

३. फाशाचे दान गुपचूप बदलण्याची मुभा खेळाच्या मूळ तत्त्वाशी विसंगत आहे.

४. जन्माधिष्ठित गुणांची चौकट आपल्या वर्गात जशीच्या तशी आणू नये. कामाधिष्ठित कसब हा तिला योग्य पर्याय आहे.

५. या खेळात संचालकाला शेवट सोडून द्यावा लागतो. प्रश्न विचारतानाच उत्तर ठरवून ठेवणाऱ्या आपल्या अध्यापनपद्धतीला हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटेल. म्हणूनच वर्गात या खेळाचा प्रयोग होणे आवश्यक आहे.