अब्राहामाचा प्रवास

उत्पत्तीच्या पुस्तकांतील अब्राहामाची कथा ख्रिस्ती कुटुंबांत लहानपणापासून ऐकिली जाते, व बहुधा त्यामुळेंच ती पुढें कधीं नीट वाचली जात नाहीं. देवानें हांक मारली, अब्राहाम उठला आणि निघाला, म्हणून आपणही त्याच्यासारखें आज्ञाधारक व्हावें, एवढा तिचा सारांश उपदेशपीठावरून सांगितला जातो. उपदेशकांस उदाहरणाची निकड असते, हें आम्ही जाणतों. परंतु या घाईंत मूळ कथेचा निम्म्याहून अधिक भाग गळून पडतो, आणि जो गळतो तोच जीवनाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा आहे, असें आमचें मत आहे. धर्मग्रंथाची साहित्यदृष्ट्या चिकित्सा करूं नये, असें म्हणणारे आमचे कांहीं मित्र आहेत. आम्हांस उलट वाटतें. जो ग्रंथ आपण पूज्य मानतों, त्याच्या शब्दांकडे निदान एखाद्या नाटकाच्या संहितेइतकें तरी लक्ष द्यावयास नको काय ?

पहिली गोष्ट ही कीं, हा प्रवास अब्राहामानें आरंभिलेलाच नव्हे. अकराव्या अध्यायाच्या शेवटीं त्याचा बाप तेरह हा कनान देशास जाण्याच्या उद्देशानें मुलगा, सून व नातू लोट यांस घेऊन खास्द्यांच्या ऊर नगरांतून निघतो, हारानास पोंचतो, आणि तेथेंच राहतो. कां राहिला, याचें कारण कथाकार देत नाहीं. ऊर म्हणून जें स्थळ पुष्कळ विद्वान् मानतात, तेथें लिओनर्ड वुली यांनीं 1922 ते 1934 या काळांत उत्खनन केलें. त्यांत राजांच्या थडग्यांतून निघालेलें सोन्याचें व लाजवर्दाचें काम पाहिलें, म्हणजे अशा नगराचा त्याग ही सामान्य गोष्ट नव्हती, हें पटतें. तें नगर चंद्रदेवतेचें क्षेत्र होतें; आणि हारान हेंही चंद्रदेवतेचेंच प्रसिद्ध क्षेत्र होतें ! म्हणजे म्हातारा घर सोडून निघाला आणि घरासारखेंच ठिकाण सांपडतांच थबकला. तेरहाविषयीं आम्ही आजवर एकही प्रवचन ऐकलें नाहीं. वास्तविक आपणां सुशिक्षितांपैकीं बहुतेकांचा मुक्काम हारानांतच असतो.

पंचाहत्तराव्या वर्षीं अब्राहाम तेथून पुढें निघाला. कोठें, तें त्यास सांगितलेलें नाहीं. दाखवीन त्या देशास जा, एवढीच आज्ञा. बन्यनच्या 1678 सालीं निघालेल्या सुप्रसिद्ध रूपककथेशीं ही कथा ताडून पाहावी. तेथें यात्रेकरूस आपलें गंतव्य नगर आरंभापासून ठाऊक असतें, आणि वाटेंतील प्रत्येक स्थळाच्या नांवांतच त्याचा अर्थ सांठविलेला असतो. उत्पत्तीच्या कथेंत अशी एकही पाटी नाहीं. एवढेंच नव्हे, तर वचनाचा देश गांठल्यावर अब्राहामास प्रथम काय भेटतें ? दुष्काळ ! तो मिसरांत उतरतो, आणि जिवाच्या भीतीनें आपल्या बायकोस बहीण म्हणवितो. ती फारोच्या घरांत जाते. याला मेंढरें, गुरें, गाढवें, दासदासी मिळतात. शेवटीं त्या परधर्मी राजाकडूनच आपल्या या आदर्श पुरुषास कानउघाडणी ऐकून घ्यावी लागते.

विसाव्या अध्यायांत, गरार येथें, हीच लबाडी पुन्हा घडते. एकाच हकीकतीच्या दोन परंपरा येथें शेजारीं आल्या आहेत, असें आधुनिक चिकित्सक म्हणतात. असेलही. पण ज्यानें त्या एकत्र गुंफिल्या त्यास एक गाळतां आली असती. ती त्यानें गाळली नाहीं. ग्रंथ जसा आज समोर आहे तसा वाचल्यास, ताऱ्यांकडे पाहून देवाच्या वचनावर विसंबणारा हा पुरुष त्यानंतरही पूर्वीच्याच भीतीनें पूर्वीचेंच खोटें बोलतो. श्रद्धा एकदां मिळविली म्हणजे ती तिजोरींत ठेवतां येते, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं ही दोन प्रकरणें लागोपाठ वाचावींत.

लोटाची निवड, राजांची लढाई, मलकीसदेकाची भेट या प्रसंगांत आम्ही शिरत नाहीं. हागारेचें प्रकरण मात्र टाळतां येत नाहीं. वचनाची वाट पाहून थकलेलीं नवराबायको आपल्या मिसरी दासीच्या उदरीं संतति उत्पन्न करण्याची युक्ति काढतात. युक्ति सफळ होते आणि घर बिघडतें. गरोदर हागार जाचास कंटाळून रानांत पळते; आणि नवल असें कीं, या कथेंत देवास स्वतःच्या शब्दांनीं नांव देणारी व्यक्ति अब्राहाम नसून ही पळून आलेली दासी आहे. पुढें इसहाकाच्या जन्मानंतर अब्राहाम तिला व इश्माएलास भाकरी आणि पाण्याची एक मसक देऊन वाटेस लावतो. तो त्या दिवशीं मोठ्या पहांटेस उठला, असें कथाकार सांगतो. पुढच्याच अध्यायांत इसहाकास घेऊन मोरियाकडे निघतांनाही तो तसाच मोठ्या पहांटेस उठतो. शब्द तेच आहेत. दोन मुलगे, दोन पहांटा. हें साम्य केवळ योगायोगाचें आहे, असें मानावयास आम्ही तयार नाहीं.

मोरियाविषयीं लिहितांना लेखणी अडखळते. पुराणांच्या विस्तारास सरावलेल्या मराठी वाचकास या कथेचा तुटकपणा प्रथम खटकतो. फादर स्टीफन्स यांनीं 1616 सालीं छापलेल्या क्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागांत जुन्या कराराच्या कथा ओंवीबद्ध केल्या, तेव्हां त्यांनीं आपल्या श्रोत्यांची हीच आवड ओळखिली होती. इब्री गद्यांत वर्णन नाहीं, विलाप नाहीं. एरिक आउरबाख यांनीं आपल्या 1946 च्या ग्रंथाच्या आरंभींच होमरशीं तुलना करून या मौनाचें सामर्थ्य दाखविलें आहे. त्यांत भर घालण्याची आमची योग्यता नाहीं. किर्केगार्डनें 1843 सालीं या एकाच प्रसंगावर अख्खें पुस्तक लिहिलें, आणि श्रद्धेपुढें नीतीचा नियम क्षणभर स्थगित होतो काय, असा प्रश्न उभा केला. आम्हांस त्याहून साधा एक प्रश्न छळतो. सदोम नगर नष्ट होणार असें कळतांच हाच अब्राहाम देवाशीं घासाघीस करितो. पन्नास नीतिमानांपासून आरंभ करून दहांपर्यंत उतरतो. परक्यांसाठीं इतका वाद घालणारा हा पुरुष स्वतःच्या मुलासाठीं एक शब्दही कां काढीत नाहीं ? याला पूर्ण समर्पण म्हणून मोकळें होणें सोपें आहे; पण त्याच न्यायानें सदोमासाठीं घातलेला वाद ही श्रद्धेची उणीव ठरेल, आणि तसें तर ग्रंथ कोठेंच म्हणत नाहीं. आमच्या मतें हीं दोन्ही दृश्यें एकाच पुरुषाचीं म्हणून शेजारीं ठेवण्यांतच कथाकाराचा प्रामाणिकपणा आहे. देवाशीं वाद घालणारा आणि देवापुढें मूक होणारा, या दोघांसही त्यानें श्रद्धावंतांत जागा दिली आहे.

आणि सारा ? तिला कोणी कांहीं विचारिलें काय ? ऊरपासून हेब्रोनपर्यंत ती चालली, दोनदां परक्याच्या घरांत गेली, आणि मोरियाच्या अध्यायांत तिचें नांवही नाहीं. पुढचा अध्याय उघडतो तो तिच्या मृत्यूनें. आपल्या महाराष्ट्रांत या मौनाची भरपाई एका पुस्तकानें केली आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. नारायण वामन टिळक यांनीं 1895 सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आप्त आणि बापाचें घर सोडण्याची आज्ञा त्यांच्यापुरती अक्षरशः खरी झाली. परंतु मागें राहिलेल्या पत्नीवर काय गुदरलें, हें 1934 पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’मुळें आपणांस कळलें. ती पुढें त्याच वाटेनें आली, पण आपल्या पायांनीं व आपल्या वेळीं. आमच्या ख्रिस्ती बंधूंनीं उत्पत्तीचा बारावा अध्याय त्या पुस्तकाच्या सोबतीनें वाचावा.

साराच्या मृत्यूनंतर अब्राहाम हेब्रोनच्या हित्ती लोकांपुढें उभा राहतो, आणि आपण येथें परका व उपरा आहों असें सांगून थडग्यापुरती जागा मागतो. सगळा देश वचनानें त्याचा झालेला आहे ! एफ्रोन अत्यंत आर्जवी भाषेंत जमीन फुकट देऊं करितो, आणि बोलतां बोलतां किंमत सुचवितो. बाजारांतील ही रीत ज्यास ठाऊक आहे त्यास येथें हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. अब्राहाम घासाघीस करीत नाहीं. तो चारशें शेकेल रुपें तोलून देतो आणि मकपेलाचें शेत, तींतील गुहा व बांधावरचीं झाडें साक्षीदारांसमक्ष आपल्या नांवें करून घेतो. एवढीच त्याची जमीन. एकशें पंचाहत्तराव्या वर्षीं तो मेला, तेव्हां त्याच गुहेंत त्यास इसहाक आणि इश्माएल या दोघां मुलांनीं मिळून पुरलें. इश्माएल केव्हां आला, त्यास कोणीं बोलाविलें, भाऊ एकमेकांशीं काय बोलले, हें कथाकार सांगत नाहीं.