'नाही' आणि 'नव्हे' : 'तो मी नव्हेच' ह्या नाटकाचा एक विचार

आचार्य प्र. के. अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्ली येथे प्रथम रंगभूमीवर आले. माधव काझी याच्यावरील गाजलेल्या खटल्याचा आधार घेऊन रचलेल्या ह्या नाटकाची चर्चा बहुधा दोन गोष्टींभोवती फिरत राहिली आहे : प्रभाकर पणशीकर यांनी एकाच प्रयोगात वठविलेली पाच रूपे आणि दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर यांनी योजलेला फिरता रंगमंच. ते स्वाभाविकच होते. परंतु ज्या नाटकाचे शीर्षक हेच आरोपीचे निवेदन आहे, त्याच्या परीक्षणात त्या निवेदनाची भाषिक घडण तपासून पाहणे हे केवळ वैयाकरणाचे कुतूहल ठरू नये. नाटकाचे मर्म आणि त्याची उणीव, दोन्ही त्या तीन शब्दांत सापडतात.

मराठीत निषेधाच्या दोन जोड्या आहेत. 'आहे' याचा निषेध 'नाही' आणि 'होय' याचा निषेध 'नव्हे'. 'दातार घरी नाही' ह्या वाक्यात दातारांच्या असण्याचा प्रश्न आहे; 'हा दातार नव्हे' ह्या वाक्यात ओळखीचा. आजच्या नागर बोलीत 'नाही'ने दुसऱ्या जागेवरही अतिक्रमण केले असून 'तो मी नाही' असे सर्रास बोलले जाते. गारखेडा हे नाव खेड्याचे आणि वस्ती शहराची. अशा ठिकाणी आजीचे 'नव्हं' आणि नातीचे 'नाही' एकाच घरात कानी पडावे, यात आश्चर्य नाही. तथापि 'नव्हे'चा एक विशेष अद्याप टिकून आहे. तो नुसते नाकारून थांबत नाही. 'घरी नव्हे' असे म्हटले की ऐकणारा 'शेतात' किंवा 'बाजारात' ह्या पुढच्या शब्दाची वाट पाहतो. 'नाही'ने जागा रिकामी होते. 'नव्हे'ने ती दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते.

म्हणूनच अत्र्यांच्या नायकाला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे असणे भाग आहे. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार, राधेश्याम महाराज ह्या नावांनी तो घरांत शिरला आणि नाहीसा झाला. वस्तुतः तो कोठेच गेला नाही. नाव तेवढे गेले. फसविल्या गेलेल्या माणसांचा प्रश्न 'तो आहे की नाही' असा होता. न्यायालयात स्वतःचे वकीलपत्र स्वतःच चालविणारा हा आरोपी त्या प्रश्नाचे रूपांतर 'तो हा होय की नव्हे' ह्या प्रश्नात करतो. 'तो' हे सर्वनाम त्याने वगळलेले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दातार नावाचा इसम होऊन गेला असेल, त्याने दुष्कृत्येही केली असतील. आपण त्याच्याविषयी हळहळही व्यक्त करू, असा त्याचा एकंदर पवित्रा असतो. वाक्यातला 'च'सुद्धा 'मी'ला किंवा 'तो'ला चिकटलेला नाही, निषेधाला चिकटलेला आहे. 'तो मीच नव्हे' असे म्हटले असते, तर भार 'मी'वर पडून संशयाचे बोट पुन्हा वक्त्याकडेच वळले असते. लोककानाची उत्तम जाण असल्यावाचून हे शीर्षक सुचत नाही. (निपाणीची निवडही सहज वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे गाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अग्रभागी असलेल्या लेखकाने आपल्या बहुरूप्याला जेथले म्हणून उभे केले, त्या गावाचे 'कोठले' हेच वादग्रस्त होते.)

ह्याच्या नेमकी उलट बाजू मराठी इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले, आणि त्यांच्या अंताविषयी सर्वांची खात्री पटेना. तेथे प्रश्न 'नाही'चा होता. ह्या रिकाम्या जागेत पुढे एक तोतया उभा राहिला. 'तो मीच' हे त्याचे म्हणणे होते आणि 'हा तो नव्हे' हे पुणे दरबाराचे. रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर कोकणात त्याने जे बंड माजविले, ते १७७६ मध्ये मोडले गेले आणि त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' (१९१३) हे नाटक लिहिले. दरबाराने 'नव्हे'चा निकाल दिला. त्याने 'नाही'चा निकाल मात्र लागला नाही. तोतया खोटा ठरल्याने भाऊ मृत ठरत नव्हते. पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य पत्करले नाही. दोन प्रश्न भिन्न आहेत, याची ह्याहून स्पष्ट साक्ष शोधूनही मिळणार नाही.

पार्वतीबाईंच्या त्या बावीस वर्षांच्या अवस्थेला मराठीत नाव काय? बेपत्ता, फरारी, परागंदा हे शब्द आपल्याकडे दप्तरातून आले. ते नाहीशा झालेल्या पुरुषाचे वर्णन करतात, तेही त्याला शोधणाऱ्या सरकारच्या किंवा सावकाराच्या बाजूने. 'विधवा' म्हणावे तर मृत्यू हवा. 'टाकलेली' किंवा 'परित्यक्ता' म्हणावे तर टाकणारा कोठे तरी नांदत असला पाहिजे. काव्यशास्त्रातील 'प्रोषितभर्तृका' ही परत येणाऱ्याची वाट पाहते. मध्ये उरलेल्या स्त्रीला शब्द नाही. संस्कृत धर्मशास्त्राला ही अवस्था अपरिचित होती असे नव्हे. पराशरस्मृतीने पुनर्विवाहास ज्या पाच आपत्ती मान्य केल्या, त्यांत पती 'नष्ट' होणे ही पहिली आहे, आणि तेथे 'नष्ट' म्हणजे दिसेनासा झालेला. मेलेला निराळा सांगितला आहे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यापूर्वी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ह्याच वचनाचा आधार घेतला होता. मराठीत 'नष्ट'चा अर्थ नाशाकडे सरकला आणि हरवलेल्याच्या पत्नीची सोय सांगणारा शब्द आपल्या कानांना मृत्यूचाच वाटू लागला.

कायद्याने शब्द दिला नाही, मुदत दिली. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम १०८ प्रमाणे, जिवंत असता ज्यांना वार्ता लागली असती अशांना सात वर्षे वार्ता नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती मुदत कायम ठेवली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात तेच घटस्फोटाचे एक कारण आहे. हा झाला 'नाही'चा मार्ग. परंतु ज्याने नाहीसे होण्याचे सोंग केले आणि जो पुढे सापडला, त्याच्या बाबतीत 'नव्हे'चा मार्ग उरतो, आणि तो अधिक क्रूर आहे. साक्षीदार स्त्री पिंजऱ्याकडे बोट दाखवून 'हाच तो' असे म्हणते. तिचे म्हणणे खरे ठरावे, अशी प्रेक्षकाची इच्छा असते. ते खरे ठरले आणि त्याच पुरुषाची आधीची पत्नी हयात असल्याचे निघाले, तर १९५५ च्या ह्याच अधिनियमाप्रमाणे साक्षीदार स्त्रीचा विवाह मुळातच शून्य असतो. 'हा तो होय' हे सिद्ध होताक्षणी 'ती पत्नी नव्हे' हेही सिद्ध होते. मुलांना कलम १६ ने औरसत्व दिले. तिला स्वतःला खटला जिंकूनच आपले नाते हरावे लागते.

'तो मी नव्हेच' ह्या नाटकाकडे पाहता, ही विपरीतता अत्र्यांच्या सामग्रीत पूर्णपणे हजर आहे, हे मान्य करावे लागते. ती त्यांच्या हाती लागली नाही. उलटतपासणीतील चढाओढ इतकी रंगते की प्रेक्षक आरोपीच्या हजरजबाबीपणाचा नकळत भागीदार होतो. साक्षीदार स्त्रियांकडे तो त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. विनोदकार अत्र्यांनी समाजसुधारक अत्र्यांवर केलेली ही मात आहे. पणशीकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'तोच मी' हे नाव दिले, यातही शेवटी उजळून निघाला तो 'मी'च.

ह्या उणिवेचे मूळ रचनेत आहे. नाटक सुरू होते तेव्हा मनुष्य सापडलेला असतो, आणि तो आपल्या डोळ्यांसमोरून एकदाही नाहीसा होत नाही. साक्षीदार बोलू लागते, रंगमंच फिरतो, न्यायालयाच्या जागी घर येते आणि त्या घरात तो हसत उभा असतो. मंच पुन्हा फिरतो, तेव्हा तो पिंजऱ्यात असतो. त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तिने त्याच्या पत्राची वाट पाहिली, शेजाऱ्यांना काही तरी सांगितले, कुंकू लावावे की नाही याचा रोज सकाळी निर्णय केला. रांगणेकरांच्या त्या यांत्रिक सोयीचे जे कौतुक झाले ते योग्यच होते. पण ज्या काळात ती स्त्री एकटी होती, नेमका तेवढाच काळ मंच फिरण्याच्या काही क्षणांत संपून जातो.