गणित बरोबर, पण किल्ली कोणाची?

'सायंटिफिक अमेरिकन'च्या ऑगस्ट १९७७ च्या अंकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात गुप्तलेखनाच्या एका नव्या पद्धतीची ओळख करून दिली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या एमआयटीतील तीन संशोधकांची ही पद्धत पुढे 'आरएसए' या नावाने प्रसिद्ध झाली. सामान्य वाचकाला संशोधनाच्या थेट उंबरठ्यावर नेणारा हा लेख विज्ञानलेखनाचा उत्तम नमुना आहे. मात्र त्यातून पुढे रूढ झालेली मांडणी अपुरी आहे.

लेखात १२९ अंकी संख्या देऊन वाचकांना आव्हान केले होते : हिचे अवयव पाडून संदेश उलगडा आणि १०० डॉलर मिळवा. ही रीत एका छोट्या उदाहरणाने वर्गात दाखवता येते. समजा, मुख्याध्यापकांची सार्वजनिक किल्ली (५५, ३) आहे आणि खासगी किल्ली २७. संदेश आहे २. त्याचा २७ वा घात करून ५५ ने भागले की बाकी १८ उरते. ही झाली सही. ती कोणालाही तपासता येते. १८ चा घन ५८३२, त्याला ५५ ने भागल्यावर बाकी २. म्हणजे सही खरी. ५५ चे अवयव कोणीही पाडील, पण शेकडो अंकी संख्येचे पाडता येत नाहीत. म्हणून खासगी किल्ली गुप्त राहते.

बहुतेक लोकप्रिय लेख येथेच थांबतात. आता एखाद्या खोडकर विद्यार्थ्याने फलकावर लिहिले, 'मुख्याध्यापकांची किल्ली (३३, ३)', आणि संदेश २ वर २९ ही सही केली, तर? २९ चा घन २४३८९, ३३ ने भागल्यावर बाकी २. गणित इथेही बिनचूक! सही त्या किल्लीच्या जोडीदार किल्लीनेच केली, एवढेच गणित सांगते. किल्ली कोणाची, हे ते सांगत नाही. गार्डनर यांच्या वाचकांना ही अडचण आली नाही, कारण ती संख्या एका नामांकित मासिकात छापलेली होती. छापील पान हेच तिचे प्रमाणपत्र होते.

संगणकांच्या जाळ्यात असे पान नसते. म्हणून १९७८ मध्ये एमआयटीतीलच लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात 'प्रमाणपत्रा'ची कल्पना मांडली : नाव आणि किल्ली एकत्र लिहून त्यांवर विश्वासू त्रयस्थाने सही करायची. आज ब्राउझर संकेतस्थळाची ओळख याच मार्गाने पटवतो. कोणत्या त्रयस्थांवर विश्वास ठेवायचा, याची यादी त्याच्याजवळ आधीच असते.

या व्यवस्थेत कच्चा दुवा कोणता, हे इतिहासाने दाखवले आहे. गार्डनर यांच्या लेखाच्या शीर्षकात लाखो वर्षांची भाषा होती, पण ती १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आठ महिन्यांत फोडली. यावर उपाय सोपा होता : संख्या मोठी घ्यायची. आज ६१७ अंकी संख्या सर्रास वापरतात. २०११ मध्ये मात्र डिजिनोटार या डच प्रमाणपत्र-संस्थेच्या संगणकांत घुसखोरी होऊन गूगलसह अनेकांच्या नावांची पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली. गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र मुख्यतः इराणमधील लोकांवर वापरले गेले. एकाही संख्येचे अवयव पाडले गेले नव्हते. २०१४ मध्ये आपल्याकडेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि ती यंत्रणा रद्द करावी लागली.

अशा प्रमाणपत्रांची नोंद जाहीर वहीत करण्याची पद्धत २०१३ नंतर रुजली. तिचा भर खोटे प्रमाणपत्र लपून राहू नये यावर आहे.

शिक्षकांनी हा विषय शिकवताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : सही या किल्लीची आहे का, आणि किल्ली त्या व्यक्तीची आहे का? पहिल्याचे उत्तर भागाकार देतो. दुसऱ्यासाठी कोणावर, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली विश्वास ठेवायचा, हे ठरवावे लागते. विद्यार्थ्यांना आधी (५५, ३) ची सही तपासू द्यावी, मग न सांगता (३३, ३) द्यावी. दुसरा प्रश्न त्यांचा तेच विचारतील.