विषाणू आणि आपली रणभाषा

मराठीत विषाणूंवर लिहिताना आपण हटकून रणांगणात शिरतो. शत्रू, हल्ला, पांढऱ्या पेशींची फौज आणि शेवटी जय किंवा पराजय. २०२० नंतर ही भाषा इतकी रुळली, की तिच्यातून काय निसटते हे पाहायचे राहूनच गेले. डेंग्यूच्या उदाहरणावरून ते पाहता येईल.

विषाणूची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडते. १९५७मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी त्याचा शोध लावला. शेजारच्या पेशींना धाडलेला हा सांगावाच. तो पेशीच्या आवरणाशी पोचला, की आतली स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ही प्रथिने जोडीने केंद्रकात जातात आणि शेकडो जनुके जागी करतात. डेंग्यूचे एनएस-५ हे प्रथिन त्यातल्या स्टॅट-२ला धरते आणि पेशीच्याच मोडतोड-यंत्रणेकडून त्याची विल्हेवाट लावते. सांगावा उंबऱ्यापर्यंत येतो, माजघरात पोचत नाही. उंदराच्या स्टॅट-२वर मात्र ही मात्रा चालत नाही. साध्या उंदरात डेंग्यू नीट रुजत नाही, त्याचे हे एक मोठे कारण.

यात तलवार कुठे आहे? एनएस-५चे मुख्य काम तर विषाणूच्या आरएनएच्या प्रती काढण्याचे. ‘चलाख’, ‘फसवा’ ही विशेषणेही जपूनच वापरावीत. विषाणूला हेतू नसतो; ज्या प्रतींना हा अडथळा साधला त्या टिकल्या, इतकेच.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. प्रतिकार म्हणजे फौज असे मानले, की फौज जितकी मोठी तितके बरे, हे ओघानेच येते. ‘इम्युनिटी बूस्टर’चा बाजार याच समजुतीवर फोफावला. प्रत्यक्षात २०२०मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले ते डेक्सामेथासोनमुळे, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या औषधामुळे. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना त्याचा लाभ दिसला नाही. बळ किती, याहून ते कोणत्या टप्प्यावर, हे निर्णायक ठरले.

रणभाषेत हा टप्पा मावत नाही. सांगावा, निरोप, दवंडी हे शब्द मराठीत आहेत. ते वापरले, तर वाचक औषधाच्या जाहिरातीला नेमका प्रश्न विचारील: हे कोणता निरोप पोचवते, कोणता अडवते आणि केव्हा?