उपयोगाचा हिशेब

एकदिवसीय क्रिकेटवर लिहिणारांचा एक आवडता उद्योग आहे. अमक्याला फार खेळवले, तमक्याला फारच थोडे, असा निवाडा ते देतात आणि पुराव्यादाखल सामन्यांचा आकडा पुढे करतात. हा हिशेब मला पटत नाही.

सचिन तेंडुलकर 463 सामने खेळला. त्याचा पुरता उपयोग झाला नाही असे म्हणणारास लोक हसतील. पण 1989 साली पहिला सामना खेळलेला हा फलंदाज पहिल्या 69 सामन्यांत एकदाही सलामीला गेला नव्हता. 27 मार्च 1994 रोजी ऑकलंडला सिद्धूची मान आखडली. सचिनने गळ घातली, वाडेकर व अझरुद्दीन यांनी ती मानली आणि 49 चेंडूंत 82 धावा निघाल्या. पहिले शतक त्याच वर्षी, 79 व्या सामन्यात आले. पुढे ती 49 झाली. गुण तोच होता, जागा बदलली.

उलट हृषीकेश कानिटकर. 18 जानेवारी 1998 रोजी ढाक्यात सकलेनला मारलेल्या त्याच्या चौकाराने पाकिस्तान हरले. रणजीत डाव रचणारा हा फलंदाज भारतासाठी बहुतेक वेळा खालच्या क्रमांकावर आला. 34 सामन्यांतली त्याची सरासरी अठराच्या आत राहिली, हे खरेच. पण तो आकडा फलंदाजाचा किती आणि जागेचा किती?

आमच्या धसईत भातकापणी आटोपली की मोकळ्या खाचरांत सामने सुरू होतात. ज्याची बॅट तो सलामीला. लाजरा पोरगा सीमेवर चेंडू आणायला. त्या सीमेवर मीही पुष्कळ दिवाळ्या काढल्या आहेत. म्हणून या प्रश्नाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही.

2025 च्या महिला विश्वचषकात जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध वगळले होते. परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर पाठवल्यावर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद 127 धावा केल्या. अंतिम सामनाही नवी मुंबईच्या त्याच मैदानावर जिंकला गेला. संघाचा प्रशिक्षक होता अमोल मुझुमदार. प्रथमश्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून एकदाही न खेळलेला. ज्याला स्वतःला जागा मिळाली नाही, त्याच्या संघात एका वगळलेलीला तिची जागा सापडली. सामने मोजणाऱ्या टीकाकाराच्या वहीत याला रकानाच नाही.